रंगवलेला पडदा की प्रोजेक्टर?
गणेशोत्सवातल्या नाटकाच्या मागच्या देखाव्यावरून इंदूरच्या आमच्या हौशी मंडळात दोन तट पडलेत.

पडद्याचा खर्च एकदाच. घडी न घालता गुंडाळून ठेवला तर वर्षानुवर्षं टिकतो. प्रोजेक्टरचं भाडं दर प्रयोगाला.

खरी मेख उजेडाची. जर्मन दिग्दर्शक पिस्काटरने १९२०च्या दशकात बर्लिनच्या रंगमंचावर फिल्म आणली, चेक नेपथ्यकार स्वोबोदाने १९५८ साली ब्रुसेल्समध्ये ‘लातेर्ना माजिका’ हा फिल्म आणि जिवंत नटांची सांगड घालणारा प्रयोग गाजवला; पण नटावरचा प्रकाश पडद्यावर सांडला की चित्र फिकं पडतं, हे दुखणं आजही तेच. समोरून टाकलं तर नटाच्या सदऱ्यावर डोंगर! मागून टाकायला खोल रंगमंच हवा, तो मांडवात कुठला?

एकाच दिवाणखान्यात घडणारं नाटक असेल तर पडदाच. बंद सभागृह आणि सतत बदलणारी स्थळं असतील तर प्रोजेक्टर घ्या, फक्त नटांना पडद्यापासून चार हात पुढे ठेवा.