बीएलडीसी फॅन वर्षभर वापरल्यावर: युनिट वाचले, पण त्या बीपचं काय करायचं?

बीएलडीसी फॅनचा, म्हणजे ब्रशलेस डीसी मोटर असलेल्या, कमी वीज खाणाऱ्या छताच्या पंख्याचा हा रिव्ह्यू मी खरं तर उन्हाळ्यातच लिहिणार होतो आणि तेव्हा लिहिला असता तर पाचपैकी पाच देऊन मोकळा झालो असतो. राहून गेलं ते बरंच झालं, कारण ऐन ऑक्टोबर हीटमध्ये बेडरूममधला फॅन बंद पडला आणि सर्व्हिसवाल्यांशी जी काय जुंपली त्यात या फॅनची दुसरी बाजू पण बघायला मिळाली. कंपनीचं नाव घेत नाही. वॅट, स्वीप, स्टार हे सगळं डब्यावर असतं, तुम्ही वाचलेलंच असणार, ते परत लिहीत बसत नाही.

आधी चांगलं बोलतो. हॉलमध्ये दोन आणि बेडरूममध्ये एक असे तीन लावले, आईच्या खोलीतला जुना तसाच ठेवला कारण तिने साफ सांगितलं की माझ्या फॅनला हात लावायचा नाही. तर आता वीज खरंच वाचते का, हा सगळ्यांचा पहिला प्रश्न. डब्यावर छापलेल्या वॅटवर माझा विश्वास नाही म्हणून मी घरातलं सगळं बंद केलं, फ्रिज, राऊटर, चार्जर, सगळं, आणि मीटरसमोर मोबाईलचं स्टॉपवॉच लावून उभा राहिलो. आमच्या मीटरवर लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट पडतं, तसं मीटरवरच लिहिलेलं असतं, तुमच्या मीटरवर आकडा वेगळा असू शकतो, बघून घ्या. जुना फॅन फुलवर असताना दिवा साधारण पंधरा सेकंदांनी लुकलुकत होता, म्हणजे ७५ वॅट. नवा फुलवर, छत्तीस-सदतीस सेकंदांनी, म्हणजे ३० च्या जवळपास. बायको आतनं ओरडत होती की फ्रिज कधी चालू करणार, पण मला त्या दिव्याकडे बघून जो आनंद झाला तो सांगून कळणार नाही. ४५ वॅटचा फरक, दिवसाला पंधरा तास धरले तर महिन्याला एका फॅनमागे वीस युनिट. कंपनी खोटं बोलत नाहीये.

पण इथे थोडं थांबा, कारण ती वीस युनिटं वाचतात ती फॅन फुलवरच चालवला तर. जुन्या फॅनला जर इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर असेल, तो छोटा गोल फिरणारा, तर तोसुद्धा स्पीड कमी केला की वीज कमीच खातो. गरम होणारा जुना मोठा चौकोनी रेग्युलेटर असेल तर गोष्ट वेगळी, तो उरलेली बरीचशी वीज नुसती तापण्यात घालवतो. म्हणजे तुम्ही बारा महिने दोनवर फॅन चालवणारे असाल तर बचत आहे पण जाहिरातीतल्याएवढी नाही. दिवसातनं तास-दोन तास लागणाऱ्या खोलीत तर हा फॅन लावूच नका, पैसे कधी वसूल व्हायचे. आणि हो, बीएलडीसीला रेग्युलेटर चालत नाही, तो बोर्डातनं बायपास करून घ्यायचा, नाहीतर आतलं सर्किट जाऊ शकतं. इलेक्ट्रिशियनला हे स्वतःहून सांगा, काहींना अजूनही माहीत नसतं.

इन्व्हर्टरवरचा फायदा मात्र मी आधी धरलाच नव्हता आणि तोच आता मला सगळ्यात मोठा वाटतो. लाईट गेल्यावर जुना फॅन इन्व्हर्टरवर घूंऽऽ करायचा, हा अजिबात करत नाही, आणि बॅटरी कितीतरी जास्त वेळ पुरते.

आता या दिवसांतल्या उकाड्याबद्दल, कारण फॅनची खरी परीक्षा मेमध्ये नाही तर आत्ता होते असं माझं मत झालंय. मेमध्ये सगळे तयारीत असतात. आत्ता पाऊस नुकताच गेलेला, जमीन ओली, आकाश मोकळं, ऊन कडक, हवेत दमटपणा एवढा की घाम येतो पण वाळत नाही. फॅन काही हवा थंड करत नाही, तो अंगालगतची घामट हवा हलवतो आणि त्याने घाम वाळतो, गार वाटतं ते त्यामुळे. म्हणून या हवेत फॅन नसेल तर पाच मिनिटं बसवत नाही. त्यात सूर्य दक्षिणेकडे सरकलेला असतो, जून महिन्यात खिडकीच्या कट्ट्यावरच थांबणारं ऊन आता आत शिरून पार पलंगापर्यंत येतं, आणि आम्ही वरच्या मजल्यावर, स्लॅब दिवसभर तापतो आणि मध्यरात्रीपर्यंत ती उष्णता खाली सोडत राहतो. रात्री दहाला फॅन पाचवर टाकला की तो वरची तीच गरम हवा तोंडावर मारतो. अंधार पडल्याबरोबर खिडक्या सगळ्या उघडून तासभर फॅन फुलवर ठेवायचा आणि मग झोपायचं, हा उपाय बरा पडतो.

आणि या दिवसांची गंमत अशी की झोपताना पाच लागतो आणि पहाटे चारला थंडी वाजते. दोनवर आणावाच लागतो. जुन्या फॅनला उठून रेग्युलेटरपर्यंत जायचं, तोवर झोप उडालेली. इथे रिमोट उशाशी, डोळे न उघडता बटण दाबायचं. हे सुख मोठं आहे, नाकारत नाही. रिमोट फॅनकडे अगदी नेम धरून करायला पण लागत नाही, छताकडे कसाही धरला तरी चालतो.

पण तो बीप.

प्रत्येक बटणाला हा फॅन बीप करतो. पाचवरून दोनवर यायचं तर तीन वेळा दाबायचं, पीं, पीं, पीं. दिवसा ऐकू पण येणार नाही असा आवाज आहे, पण पहाटे चारला, खिडक्या उघड्या, गाड्या नाहीत, बाहेरचं काहीच चालू नाही, तेव्हा तो थेट डोक्यात जातो. पोरगी उठून बसते. ती उठली की बायको उठते. बायको उठली की मला ऐकावं लागतं की कशाला घेतला हा फॅन. अरे बाबांनो, मी बटण दाबलंय हे मला माहितीय, फॅन हळू झालेला मला दिसतोय, अंगाला कळतोय, त्याची पोच कशाला हवी? स्लीप मोड तर त्याच्या वरताण. दर थोड्या वेळाने तो आपोआप एकेक स्पीड कमी करतो, कल्पना उत्तम, याच दिवसांसाठी बनवल्यासारखी, आणि प्रत्येक वेळी स्पीड कमी करताना बीप! झोप लागावी म्हणून असलेला मोड झोपेतनं उठवतो, हे ज्याने मंजूर केलं त्याच्या बेडरूममध्ये हा फॅन नसणार याची मला खात्री आहे.

अजून आहे. लाईट जाऊन आली की तिन्ही फॅन एकदम बीप करतात. हॉलमधल्या दोघांचे बीप किंचित मागेपुढे आणि सूर पण जरा वेगळा, त्यामुळे ते पीं-पूं असं होतं. हॉलमध्ये एकाच मॉडेलचे दोन असल्याने एक रिमोट दोघांना चालतो, म्हणजे मला माझ्या डोक्यावरचा कमी करायचाय तर तिकडे बसलेल्याचा पण कमी होतो, यावरनं रोज भांडण, पण ते मी एक वेळ चालवून घेईन. बीप नाही.

रिमोटचा सेल संपला की भिंतीवरचं बटण पटकन बंद-चालू करून स्पीड बदलता येतो, निदान आमच्या मॉडेलमध्ये, पण पुस्तिकेत ते इतक्या बारीक अक्षरात आहे की आम्हाला खूप उशिरा सापडलं. सेल गेलाय का रिमोट गेलाय हे बघायचं असेल तर रिमोटचं टोक मोबाईलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरा आणि बटण दाबा, स्क्रीनवर जांभळट ठिपका लुकलुकला तर रिमोट चालू आहे. नुसत्या डोळ्यांना तो प्रकाश दिसत नाही.

आता बंद पडल्याची गोष्ट. रात्री लाईट गेली, आली, हॉलमधल्या दोघांनी पीं-पूं केलं आणि बेडरूममधला गप्प. पहिले दोन सेकंद मला बरं वाटलं. मग लक्षात आलं की तो फिरतच नाहीये. रिमोट नाही, बटण नाही, काही नाही. साधा फॅन असा वागला असता, हळू झाला असता किंवा नुसता गुणगुणला असता, तर तो २.५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर कोणीही बदलून देतं, दहा मिनिटांचं काम. याचं तसं नाही. याच्या आत सर्किट बोर्ड, आणि तो बोर्ड फक्त कंपनीकडे.

तक्रार नोंदवली. मेसेज आला, ४८ तासांत तंत्रज्ञ येईल. आम्ही सगळे गाद्या घेऊन हॉलमध्ये. तिसऱ्या दिवशी फोन आला, "साहेब, एक ओटीपी आला असेल, तेवढा सांगा."

"तुम्ही आलायत का? मला तर दिसत नाही कोणी."

"नाही साहेब, पार्टची ऑर्डर टाकायला लागतो."

मेसेज उघडून बघितला तर त्यात स्पष्ट लिहिलेलं, तक्रारीचं समाधान झाल्यावरच हा ओटीपी द्यावा. मी म्हणालो, दादा, हा तर तक्रार बंद करायचा ओटीपी आहे. तर म्हणे, "सगळे देतात साहेब." मी नाही दिला. संध्याकाळी मेसेज, ग्राहक घरी उपलब्ध नसल्याने भेट रद्द. मी दिवसभर घरी, घामाने थबथबलेला, फॅनकडे बघत बसलेलो! मग मात्र मी कस्टमर केअरला रोज फोन लावायला लागलो, सोबत मेल, मेलला बिलाचा फोटो, बंद फॅनचा व्हिडिओ, त्या ओटीपीच्या मेसेजचा स्क्रीनशॉट. मेल लेखी राहतो, फोनवरचं बोलणं हवेत जातं, एवढं मी आता शिकवू शकतो. आणि बिल जपून ठेवा, वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का नाही म्हणून पहिल्यांदा मला टाळायचा प्रयत्न झालाच होता.

शेवटी जो पोरगा आला तो मात्र हुशार निघाला. स्टुलावर चढला, खालचं कव्हर काढलं आणि बोर्ड माझ्या हातात दिला. तळहाताहून लहान. एका कोपऱ्यात निळा चपटा गोल पार्ट फुटून काळा पडलेला, शेजारच्या पट्टीवर पण काजळी. तो म्हणाला हा एमओव्ही, लाईट येताना व्होल्टेज उसळलं की हा स्वतः जळतो आणि मागचं सर्किट वाचवतो. मी म्हटलं मग हा एवढाच बदला ना. तर नाही, आम्हाला पूर्ण बोर्डच बदलायचे आदेश आहेत. एक शेंगदाण्याएवढा पार्ट जळला म्हणून अख्खा बोर्ड कचऱ्यात, मला ते बघवेना, जुना बोर्ड मागितला तर तो पण कंपनीत जमा करावा लागतो म्हणे. वॉरंटीत होतं म्हणून काही लागलं नाही. वॉरंटी संपल्यावर हेच झालं तर वाचवलेल्या युनिटांपैकी किती उरतील हा हिशोब मी मुद्दाम केला नाहीये.

तो वर होताच म्हणून विचारलं, दादा, हा बीप बंद नाही का करता येत? त्याने बोर्डवरचा काळा गोल बझर दाखवला, वर बारीक भोक. म्हणाला, यावर चिकटपट्टी लावली की आवाज निम्मा होतो, पण मी लावली तर माझी नोकरी जाईल आणि तुम्ही लावलीत तर तुमची वॉरंटी.

नवा बोर्ड टाकल्यापासून फॅन मस्त चालतोय, उलट थोडा जास्तच शांत वाटतो. लाईट आल्यावर आधीच्या स्पीडला परत येतो, आधी हा थेट फुलवर सुरू व्हायचा, म्हणजे बोर्डात काहीतरी सुधारणा झालेली दिसते. बीप आहेच, पण जरा खालच्या सुरात, पोरगी आता उठत नाही. त्यामुळे वर एवढं बोललो तरी मी तीन नाही, साडेतीन देतो. आधीचा बोर्ड असता तर दोन.

घ्यायचा असेल तर दुकानात रिमोट हातात घेऊन बीप ऐकून घ्या, दुकानदार हसला तर हसू दे, आणि बीप बंद करायची सोय असलेलं मॉडेल मिळत असेल तर जरा जास्त पैसे द्या. घरातले सगळे फॅन एकदम बदलू नका. आमच्या त्या रात्रींत आईच्या खोलीतला जुना, ७५ वॅट खाणारा, रेग्युलेटरवाला फॅन निवांत चालू होता आणि तिने ते आम्हाला दोनदा बोलून पण दाखवलं. कंपनीला मी बीपबद्दल मेल केलाय, उत्तर आलं की आपला अभिप्राय संबंधित विभागाकडे पाठवला आहे. तो विभाग कोणता हे विचारणारा मेल आज सकाळी टाकलाय.