झोपेसाठी कॅल्शियमच्या गोळ्या : पत्रकातले विज्ञान आणि बाटलीतली गोळी

औषधांच्या दुकानात गल्ल्यापाशीच मांडलेली ६० गोळ्यांची ही बाटली मी घेतली, ती तिच्यासोबतच्या पत्रकामुळे. डोळ्यात मेलाटोनिन हे झोपेशी निगडित संप्रेरक तयार होण्यासाठी कॅल्शियम लागते, म्हणून रोज झोपताना दोन गोळ्या घेतल्यास झोप सुधारते, असे त्यात छापले आहे. यातला पूर्वार्ध खरा आहे. घोळ 'म्हणून'पासून सुरू होतो.

दृष्टिपटलातील (डोळ्याच्या आतल्या पडद्यातील) प्रकाशग्राही पेशी स्वतः मेलाटोनिन बनवतात. अंधारात या पेशींचा विद्युतदाब उणे ४० मिलिव्होल्टच्या आसपास असतो आणि त्या दाबाला कॅल्शियमच्या वाहिन्या, म्हणजे ते पेशीत येण्याची दारे, उघड्या राहतात. आत आलेल्या कॅल्शियममुळे सायक्लिक एएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू वाढतो आणि त्याच्या जोरावर सेरोटोनिन या रसायनापासून मेलाटोनिन घडवण्याच्या साखळीतले 'एएनॅट' हे विकर (एन्झाइम) टिकून राहते. उजेड पडला की वाहिन्या मिटतात आणि हे विकर झपाट्याने नष्ट होते. कोंबडीच्या पिलांच्या व बेडकांच्या दृष्टिपटलावरील प्रयोगांत कॅल्शियमचा मार्ग औषधाने अडवल्यावर अंधारातही विकराची वाढ रोखली गेली.

म्हणजे सारा खेळ दार उघडे की बंद याचा आहे, आणि ते दार उजेड-अंधार ठरवतो. दाराबाहेर कॅल्शियमची टंचाई नसतेच, कारण रक्तातील त्याची पातळी शरीर साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर इतकी काटेकोर राखते. शिवाय झोपेशी संबंध असलेले, रक्तात फिरणारे मेलाटोनिन मुख्यतः मेंदूतील पिनियल ग्रंथीतून येते. डोळ्यातले बव्हंशी डोळ्यातच वापरले जाते. पत्रकाने हे दोन्ही मुद्दे गाळले आहेत, आणि ते अनवधानाने गाळले असावेत असे मला वाटत नाही.

वेष्टनावर ठळक '५०० मिग्रॅ' आहे, पण तो आकडा कॅल्शियम कार्बोनेटचा. त्यातून प्रत्यक्ष कॅल्शियम मिळते २०० मिलिग्रॅम. गोळी खडूसारखी भुसभुशीत असून पुदिन्याची चव जिभेवर बराच वेळ रेंगाळते. तीन आठवड्यांत झोपेत फरक पडला नाही, बद्धकोष्ठता मात्र झाली. कार्बोनेट जेवणासोबत चांगले शोषले जाते, हे ठाऊक असूनही रिकाम्या पोटी घेण्याची सूचना का छापली असेल, हे कोडेच आहे.

आईला डॉक्टरांनी हाडांसाठी कॅल्शियम सांगितलेलेच होते. त्यांना विचारून उरलेल्या गोळ्या ती आता दुपारच्या जेवणासोबत घेते.