नागपूरची नाइटलाइफ: आधी घड्याळ बघा, मग सजावट

नागपुरात लाउंज निवडताना लोक इन्स्टावरची निऑन पाटी आणि झुंबरं बघतात. त्याआधी विचारायला हवं की किती वाजता जायचं आणि किती वाजेपर्यंत बसायचं. इथली रात्र तीन वेळांवर चालते: दहा, अकरा आणि दीड.

दहाला रूफटॉपचा आवाज उतरतो. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही, बंदिस्त सभागृहात चालतो. धरमपेठ, लॉ कॉलेज चौक, शंकरनगर या पट्ट्यातल्या गच्चीवरच्या लाउंजना आजूबाजूला घरंच घरं, त्यामुळे तक्रार लगेच होते. ताडपत्री ओढली किंवा तीन बाजूंना काच लावली म्हणून गच्ची बंदिस्त होत नाही, हे मालकालाही ठाऊक असतं. म्हणून दहाच्या सुमारास डीजे कन्सोल सोडतो, मागे मंद गाणी लागतात आणि नाचायला आलेला ग्रुप एकमेकांची तोंडं बघत बसतो. बुकिंगच्या फोनवर एकच प्रश्न विचारा: ‘दहानंतर म्युझिक कुठं असतं?’ खाली आतला फ्लोअर असेल तर कॅप्टन, म्हणजे वेटरांचा प्रमुख, लगेच सांगतो. ‘ॲडजस्ट करू सर’ असं उत्तर आलं तर ती जागा फक्त बसायची समजा.

बसायला मात्र गच्ची उत्तम, पण ऋतू बघून. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास गेला की दिवसभर तापलेला स्लॅब रात्री नऊपर्यंत वाफा सोडत राहतो. मिस्ट फॅनने फार तर कपडे ओले होतात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा खरा मोसम. डिसेंबर-जानेवारीत उलट हीटर किती आहेत ते विचारा आणि टेबल कठड्याला लागून नको म्हणा, कारण नागपूरची थंडी अकरानंतर चावायला लागते.

नाचायचं असेल तर आतला हॉल, दोन दारांचा. पहिलं दार लॉबीत आणि दुसरं फ्लोअरवर उघडत असेल तर आवाज बाहेर फुटत नाही आणि डीजेला हात आखडता घ्यावा लागत नाही. रामदासपेठेत सेंटर पॉइंट, तुली इम्पिरियल आणि वर्धा रोडला प्राइड, रॅडिसन ब्लू ही जुनी मोठी हॉटेलं आहेत. अशा हॉटेलांच्या बारचा फायदा म्हणजे पार्किंग, स्वच्छ टॉयलेट आणि मुलींच्या ग्रुपला दारापर्यंत गाडी. तोटा म्हणजे दर, आणि गर्दी थोडी ‘मीटिंग संपवून आलेली’. धरमपेठेतल्या स्वतंत्र लाउंजमध्ये पोरं जास्त, गाणी नवी, पण गाडी लावायला दोन गल्ल्या पलीकडे जावं लागतं. सदरचे जुने परमिट रूम हा वेगळाच प्रकार. तिथं डीजे नाही, पण ओतलेला पेग आणि चखणा दोन्ही प्रामाणिक. रात्रीची सुरुवात तिथं करून मग क्लबला जाणारे शहाणे.

हॉलमध्ये शिरल्यावर सबवूफर, म्हणजे बेसचे मोठे स्पीकर, कुठं ठेवलेत ते बघा. बेस कोपऱ्यात साचतो. कोपऱ्यातला सोफा फोटोत भारी दिसतो, पण तिथं छाती हादरते आणि बोलता येत नाही. कन्सोलच्या समोर, भिंतीपासून सुटं असलेलं टेबल मागा. सगळीकडे काच आणि टाइल असेल तर तिखट आवाज परतून कानात घुसतो. जड पडदे, गादीच्या भिंती असलेला हॉल तुलनेत सुसह्य.

दाराशी होणारे बहुतेक वाद दोन गोष्टींवरून होतात. पहिली वयाची. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी 21, बाकी दारूसाठी 25. तेविशीतल्या पोराला बिअर मिळाली म्हणजे व्हिस्कीही मिळेल असं नाही, आणि नाही म्हणणारा स्टुअर्ड तिथं बरोबर असतो. आधारचा स्क्रीनशॉट बाउन्सर मानत नाही. डिजिलॉकर उघडून ठेवा किंवा लायसन्स खिशात ठेवा. दुसरी गोष्ट स्टॅग एंट्री, म्हणजे सोबत मुलगी नसलेल्या मुलांचा प्रवेश. शनिवारी पाच मुलं एकत्र गेली की बहुतेक ठिकाणी ‘कपल्स ओन्ली’ आठवतं. टेबल आधी बुक केलं, नावं पाठवली आणि दहाच्या आत पोचलं तर बऱ्याचदा सुटतं. साडेअकराला दारात उभं राहून ओळखी सांगण्यात अर्थ नाही.

कव्हर आणि एंट्री हे एकच समजू नका. कव्हरचे पैसे खाण्यापिण्यात वळते होतात, एंट्रीचे जातात ते जातातच. शिवाय कव्हर पूर्ण वळतं का, फक्त दारूवर वळतं का, आणि त्यातून टॅक्स कापून कूपन देतात का, हे पैसे भरण्याआधी विचारायचं. ‘मिनिमम स्पेंड’, म्हणजे टेबलामागे किमान खर्चाची अट, असेल तर तो टॅक्ससकट की टॅक्सशिवाय, हेही. शेवटी गडबड इथंच होते.

एकावर एक असलेल्या हॅपी अवर्समध्ये दोन्ही ग्लास एकदम आणून ठेवतात आणि दुसरा पाणी होऊन जातो. दुसरा नंतर आणायला सांगा. नाही म्हणाले तर बर्फ वेगळा मागा. पेग 30 मिलीचा की 60 मिलीचा, ते मेन्यूत बघा. बाटली टेबलावर घेतली तर सील तुमच्यासमोर उघडायला सांगा, त्यात लाजायचं काही नाही. आणि नागपुरात आहोत म्हणून ‘ऑरेंज’ नावाचं कॉकटेल घ्यायची हौस असेल तर संत्र्याच्या हंगामात ताजा रस आहे का ते आधी विचारा. बऱ्याच बारमध्ये डब्यातला रसच येतो, आणि संत्रानगरीत तो प्यायचं दुःख वेगळंच.

आता बिल. समजा खाणं 1,200 चं आणि दारू 2,000 ची. खाण्यावर 5 टक्के जीएसटी म्हणजे 60. दारूवर जीएसटी नाही, व्हॅट आहे. नोव्हेंबर 2023 पासून बार-रेस्टॉरंटमध्ये तो 5 वरून 10 टक्के झाला, म्हणजे 200. एकूण 3,460. याच्या वर 320 रुपये ‘एससी’ नावाने दिसले तर तो 10 टक्के सर्व्हिस चार्ज. तो बंधनकारक नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये तसं सांगितलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये ते उचलून धरलं. काढायला सांगा, बहुतेक वेळा बोलाचाली न होता निघतो. नाही निघाला तर 1915 हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. खोलीभाडं 7,500 च्या वर असलेल्या मोठ्या हॉटेलात खाण्यावर 18 टक्के जीएसटी लागतो, तिथं भांडू नका. सोडा, टॉनिक, एनर्जी ड्रिंकवरचा जीएसटीही बरोबरच असतो. दारूच्या ओळीवर जीएसटी दिसला तर मात्र बिल परत पाठवा.

कुणी हळूच येऊन हुक्क्याचा ‘फ्लेवर’ विचारला तर नको म्हणा. 2018 पासून राज्यात हुक्का पार्लरवर बंदी आहे. ‘हर्बल’ म्हटल्याने धाड टळत नाही आणि धाडीत गिऱ्हाइकांचीही नावं लिहून घेतात.

फ्लोअर खरा भरतो अकराला आणि बंद होतो दीडला. लास्ट ऑर्डर साधारण एकच्या आसपास. किचन त्याहून आधी थांबतं, म्हणून खायचं ते बाराच्या आत मागवा. बाहेर पडल्यावर सावजी मिळेल अशी आशा धरू नका, ती भट्टी तोवर विझलेली असते. तर्रीपोहे थेट सकाळी.

घरी जाणं हा खरा कच्चा दुवा. मेट्रो तोवर केव्हाच थांबलेली असते. दीडला सगळे क्लब एकदम रिकामे होतात, भाडं चढतं आणि बेसा, हिंगणा, कोराडी असं शहराच्या कडेचं ठिकाण म्हटलं की ड्रायव्हर राइड कॅन्सल करतो. पावणेएकलाच गाडी बघायला लागा. वर्धा रोडवर आणखी एक भानगड आहे: अजनी ते विमानतळ असा 3 किलोमीटरहून लांब डबल डेकर पूल. ॲपमधल्या पिनला वर-खाली कळत नाही. ड्रायव्हर वरच्या रस्त्याला लागला की पुलाच्या टोकाशी उतरून वळून येतो आणि तुमची पंधरा मिनिटं जातात. गाडी मिळाल्याबरोबर फोन करून सांगा, ‘भाऊ, खालून या.’

स्वतःची गाडी चालवायचा विचारच नको. शंभर मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की पहिल्यांदा 10,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन असलं की सिव्हिल लाइन्स आणि वर्धा रोडला बंदोबस्त वाढतो, हॉटेलांच्या खोल्या आणि टेबलंही भरलेली असतात. त्या दिवसांत आठवडाभर आधी बुक करा. नाताळ आणि 31 डिसेंबरला सरकार बहुधा पहाटे 5 पर्यंत मुभा देतं. त्या रात्रीचं ‘अनलिमिटेड’ पॅकेज घेताना ब्रँडची यादी आणि दारू किती वाजेपर्यंत मिळणार, हे दोन्ही व्हॉट्सॲपवर लिहून घ्या.