डीएनए किट: आतला माल चांगला, डबा खोटारडा

पेडण्यात ओंकार हत्ती आलेला ना, तेव्हापासून आमचा भाचा हत्तीवेडा झालाय, रोज एकच, मामा हत्तीचं काहीतरी दाखव. म्हणून म्हापशात एका दुकानात हे 'प्राचीन डीएनए' किट दिसलं तसं घेऊन टाकलं. ९५० रुपये, घासाघीस करून बघितली पण दुकानदार हलला नाही.

आधी केळ्यातून डीएनए काढायचा. केळं कुस्करायचं, मीठ नि लिक्विड साबण घालायचा, गाळायचं आणि वरून थंडगार स्पिरिट हळूच सोडायचं. साबणाने पेशी फुटतात, आणि डीएनए स्पिरिटमध्ये विरघळत नाही म्हणून तो पांढरा होऊन वेगळा होतो. आता स्पिरिट डब्यात नाही, आणि नाही हे बाहेर कुठेच लिहिलेलं नाही!! रविवार, फार्मसी बंद. काका म्हणाले घरात फेणी आहे की, ती घाल. घातली. फेणीत अल्कोहोल जेमतेम बेचाळीस टक्के, एवढ्याने कुठे जमणार, नुसतं गढूळ पाणी झालं, केळं गेलं ते गेलंच वर पेगभर काजू फेणी गेली, काका अजून ऐकवतात. सोमवारी सर्जिकल स्पिरिट आणून फ्रीजरमध्ये ठेवलं आणि रसबाळी केळ्यातून मग शिरवळ्यांसारखा पांढरा गुंता वर आला. भाचा दहा मिनिटं गप्प होता, हे आमच्याकडे क्वचित होतं.

पण पैसे वसूल झाले ते दुसऱ्या भागात. डीएनए ज्या चार घटकांचा बनतो त्यांच्या ए, टी, जी, सी अक्षरांच्या कागदी पट्ट्या, सगळ्या तुकडे तुकडे केलेल्या, काही अक्षरं मुद्दाम बिघडवलेली, कारण मेलेल्या जनावराचा डीएनए तसाच मिळतो, तुटका, आणि टोकाला सी चा टी झालेला. हे तुकडे मॅमथचे, म्हणजे नामशेष झालेल्या केसाळ हत्तीचे, ते आजच्या हत्तींच्या, आपल्या आणि आफ्रिकेतल्या, लांब पट्ट्यांवर जुळवत जायचं आणि फरक मोजायचे. पोराने दुपारभर बसून मोजले आणि ओरडला, मामा, मॅमथ आपल्या हत्तीच्या जवळचा, आफ्रिकेतल्या नाही! बरोबर आहे, खऱ्या डीएनएवरूनही तेच निघालंय. माहितीच्या कार्डावर क्वाग्गा आहे, म्हणजे झेब्र्याचा नामशेष झालेला भाऊबंद, १९८४ मध्ये म्युझियममधल्या त्याच्या कातड्यातून डीएनए मिळाला तिथून हे सगळं सुरू झालं. २०२१ चे मॅमथ पण आहेत, सायबेरियाच्या गोठलेल्या जमिनीतल्या दाढा, दहा लाख वर्षांहून जुना डीएनए, आणि त्यातून कळलं की अमेरिकेतला कोलंबियन मॅमथ म्हणजे लोकरी मॅमथ आणि दुसऱ्याच एका जुन्या वंशाचा संकर. नुसती हाडं बघून हे कोणाला कळलं असतं?

आता डब्यावर काय तर डायनासोर. भला मोठा, दात काढून. अहो आत्तापर्यंत वाचता आलेला सगळ्यात जुना डीएनए ग्रीनलंडच्या मातीतला, साधारण वीस लाख वर्षांचा, तोही थंडीमुळे टिकला, आणि डायनासोर गेले ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. आमच्याकडे डिचोलीत पावसाळ्यात चपलांना आठवड्यात बुरशी येते, अशा उकाड्यात नि दमटात हाडातला डीएनए काय टिकणार! ही उष्णतेची गोष्ट माहितीपत्रकात एका ओळीतही नाही, खरं तर मुलांना तेच आधी सांगायला हवं. आणि खरे नमुने हाताळताना आपलाच डीएनए मिसळतो म्हणून लॅबमध्ये ग्लोव्ज, मास्क किती जपतात तेही नाही, साधे ग्लोव्ज दिले असते तर किती मजा आली असती.

बाकी टेस्ट ट्यूबचं बूच सैल आहे, हलवताना अंगठा लावा नाहीतर टेबलक्लॉथ धुवायला टाकावा लागेल. पट्ट्या पातळ कागदाच्या, पंख्याखाली बसू नका.

मी तीन स्टार देतोय, दहा वर्षांच्या वरच्या पोरांना घ्या, पण स्पिरिट आधी आणून ठेवा. डायनासोरबद्दल दुकानदाराला जाऊन विचारलं, तर म्हणाला, साहेब, मॅमथ लावला असता तर तुम्ही तरी उचललं असतं का. मी म्हटलं, मी हत्तीसाठीच उचललं.