प्रश्न माझे, उत्तरं दुसऱ्याची, पैसे तिसऱ्याला

२६,५०० रुपये गेले. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण ज्याला ज्याला हे सांगितलं त्याने पहिल्यांदा तोच विचारला. त्यानंतर थोडं थांबून, "कीबोर्डला?"

हो, कीबोर्डला. माझं काम भाषांतराचं. सांगलीत घरीच बसतो, दिवसाचे सात-आठ तास मराठी टाइप करतो, तेही इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे भारतीय भाषांसाठी ठरवलेल्या प्रमाण कळमांडणीत. बाबांचे टायपिंगचे क्लास होते. रेमिंग्टन आणि गोदरेजच्या मशीनच्या खडखडाटात मी लहानाचा मोठा झालो, त्यामुळे बोटाखाली काहीतरी घडल्याचं कळल्याशिवाय मला टाइप केल्यासारखं वाटत नाही. ऑफिसात मिळतात त्या रबरी पडद्याच्या कीबोर्डवर बोट चिखलात रुतल्यासारखं होतं. एका मित्राने त्याचा मेकॅनिकल कीबोर्ड आठवडाभर वापरायला दिला आणि मी कामातून गेलो.

ज्यांना हे खूळ नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. या कीबोर्डात प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्विच असतो, आत स्प्रिंग. चेरी कंपनीने १९८० च्या दशकात एमएक्स नावाचा स्विच आणला आणि बाकी जगाने तो आदर्श धरला. त्याच्या पेटंटची मुदत संपल्यावर गॅटेरॉन, काइल्ह, औटेमू अशा चिनी कंपन्यांनी तसेच स्विच स्वस्तात काढले. लाल रंगाचा सरळ खाली जातो, तपकिरी मध्ये किंचित अडखळतो, निळा टकटक आवाज करतो. माझा पहिला निळा होता. रात्री अकरानंतर तो वापरायचा नाही, असा घरात तिसऱ्याच दिवशी कायदा झाला. मग लाल घेतले, मग स्विच उघडून त्यांना आतून ब्रशने ग्रीस लावायला शिकलो. सत्तर स्विचना दोन रविवार लागतात. बायको म्हणाली, एवढ्या वेळात पापड झाले असते.

पुढची पायरी म्हणजे ॲल्युमिनियमच्या भरीव केसमधले बोर्ड. हे दुकानात मिळत नाहीत. एखादा डिझायनर नमुना दाखवतो, लोक आगाऊ पैसे भरतात, पुरेशी मागणी जमली की कारखान्यात काम लागतं. त्याला 'ग्रुप बाय' म्हणतात, आणि त्यात वर्षभर थांबणं ही मामुली गोष्ट आहे. चांगल्या कीकॅपचं, म्हणजे कळांवरच्या टोप्यांचं, तेच. शिवाय परदेशातून आलं की कस्टम ड्युटी. म्हणून आपल्याकडे हौशी मंडळी एकमेकांकडून वापरलेलं घेतात, सगळा व्यवहार गप्पांच्या ग्रुपवर आणि पैसे यूपीआयने. माझे आधीचे पाच-सहा सौदे असेच झाले होते आणि सगळे चोख.

गेल्या जूनमध्ये एका ग्रुपवर मला हवा तो बोर्ड दिसला. नाव लिहीत नाही, कारण नग इतके थोडे निघालेत की खरा मालक ओळखू येईल. ६५ टक्क्यांचा, म्हणजे बाणाच्या कळा आहेत पण नंबरांचा गठ्ठा नाही. सोबत जर्मनीच्या जीएमके कंपनीचा कीकॅपचा संच. किंमत सांगितली २८,०००. फार स्वस्त नाही, हे महत्त्वाचं. निम्म्या किमतीत असता तर मी हात लावला नसता. मी घासाघीस केली, तो २६,५०० ला तयार झाला.

बोलणं हिंदीत सुरू झालं होतं. त्याने मध्येच विचारलं, "तुम्ही सांगलीचे का? मी मूळचा कराडचा." तिथून पुढे सगळं मराठीत आणि प्रत्येक वाक्यात 'दादा'.

आता माझी हुशारी ऐका. मला नकली ओळखता येतं याचा मला अभिमान होता, अजूनही थोडा आहे. जीएमकेच्या कीकॅप एबीएस प्लास्टिकच्या असतात आणि अक्षर छापलेलं नसतं, दुसऱ्या रंगाचं प्लास्टिक आतून ओतलेलं असतं. म्हणून कळ उलटी केली की पोटात दोन रंग दिसतात. नकली बहुतेक पीबीटी नावाच्या दुसऱ्या प्लास्टिकच्या, पोटात एकच रंग. हातात आल्यावर आणखी एक परीक्षा आहे. भांड्यात पाणी घ्यायचं, मीठ विरघळायचं थांबेपर्यंत घालत राहायचं आणि कीकॅप सोडायची, बुडबुडा अडकू न देता. एबीएस तरंगतं, पीबीटी बुडतं. गंमत म्हणजे एरवी पीबीटी जास्त टिकाऊ म्हणून लोक त्याच्याच मागे असतात, इथे मात्र बुडणारं नकली.

तर मी त्याला कळ उलटी करून फोटो मागितला. आला. दोन रंग स्वच्छ दिसत होते. स्विच ज्यात बसतात ती प्लेट कशाची? पितळेची. स्विचना ग्रीस कोणतं? क्रायटॉक्स २०५जी०, पातळ हात. मग मी डाव्या शिफ्टचा आवाज रेकॉर्ड करून मागितला. हा प्रश्न इनस्क्रिप्टवाल्यालाच सुचेल. आपली बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला, आणि ख, घ, थ, ध, फ, भ सगळी शिफ्ट धरून, त्यामुळे डावी शिफ्ट दिवसातून हजारदा दाबली जाते. लांब कळीखाली स्टॅबिलायझरची तार असते, ती सैल असली की पत्र्यासारखी वाजते. क्लिप आली. अकरा सेकंदांची, फक्त डावी शिफ्ट, एकदा हळू, एकदा जोरात, एकदा कडेला दाबून. कडेला दाबून मी मागितलंच नव्हतं. ज्याने ते केलं त्याला कळतं, असं माझ्या मनाने घेतलं. आणि ते खरंच होतं.

शेवटी रिवाजाप्रमाणे चिठ्ठीचा फोटो. बोर्डावर कागद, कागदावर हाताने माझं नाव आणि १४ जून. तोही आला.

आज तो सगळा संवाद वर-खाली करून वाचतो तेव्हा दोन गोष्टी डोळ्यात खुपतात. पैशाबद्दल काहीही विचारलं की उत्तर मिनिटाच्या आत. बोर्डाबद्दल विचारलं की, "बघून सांगतो दादा," आणि मग वीस मिनिटं, कधी तासभर सामसूम. दुसरी त्याहून ढळढळीत. पैशाची भाषा मराठी होती, बोर्डाची उत्तरं इंग्रजीत. नीटनेटक्या, पूर्णविराम दिलेल्या इंग्रजीत. ज्या माणसाला 'डिस्काउंट'चं स्पेलिंग येत नव्हतं तो स्टॅबिलायझरबद्दल चार ओळींचा परिच्छेद लिहीत होता. मी रोज दोन भाषांच्या मधे बसून पोट भरतो, लिहिणारा हात बदलला की मला कळायला हवं.

फोन मात्र कधी उचलला नाही. ऑफिसात आहे, मीटिंग आहे, आई दवाखान्यात आहे.

पैसे मी सगळे एकदम दिले नाहीत, इतका मी शहाणा. निम्मे आधी, निम्मे कुरिअरची पावती आल्यावर. १३,००० पाठवताना यूपीआयवर नाव वेगळंच दिसलं, राज्यही दुसरंच वाटावं असं. विचारलं तर म्हणाला मेव्हण्याचं खातं आहे, माझ्या खात्याचं केवायसी अडकलंय. केवायसी कुणाचं अडकत नाही? दुसऱ्या दिवशी पावतीचा फोटो आला. नंबर टाकून बघितला, पार्सल खरंच निघालं होतं. उरलेले १३,५०० पाठवले आणि रात्री जुन्या कीबोर्डवरची धूळ झटकली, कुणाला तरी देऊन टाकू म्हणून.

त्या पावतीवर, उजव्या कोपऱ्यात, वजन छापलेलं होतं. ०.४८० किलो. नंबर बघताना माझा अंगठा त्याच्या अगदी शेजारून गेला असणार.

पार्सल बाबांनी घेतलं. मी खाली येईपर्यंत ते खोका तळहातावर तोलत उभे होते. आयुष्यभर टायपरायटर उचललेला माणूस. म्हणाले, "धातूचा आहे म्हणालास ना रे? हे तर पुठ्ठ्यासकट अर्धा किलो नाही." तो बोर्ड बांधणीसकट जवळजवळ दोन किलोचा असतो. मी कात्री घेतली, तेवढं भान ठेवून मोबाइल समोर लावला आणि खोका फोडला. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेला रबरी पडद्याचा कीबोर्ड होता, पूर्ण आकाराचा, वापरून मळलेला, ए आणि एस पुसट झालेले. दगड किंवा साबणाची वडी का नाही टाकली, हे मला चौकीत गेल्यावर कळलं.

फोन बंद, चॅटवर ब्लॉक. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावला, बाईंनी शांतपणे सगळं लिहून घेतलं, व्यवहाराचे क्रमांक मागितले, कधी पाठवले ते विचारलं. दुसरा हप्ता जाऊन चार दिवस झाले होते. पहिल्या तासा-दोन तासांत कळवलं तर पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता येतात. माझे केव्हाच सरकले होते. पोर्टलवर तक्रार नोंदवली, पोचक्रमांक मिळाला, तो घेऊन चौकीत गेलो.

तिथे हवालदारांनी आधी खोका बघितला.

"काय मागवलं होतं?"

"कीबोर्ड."

"मग हा काय आहे?"

"कीबोर्डच. पण हा नाही, दुसरा."

"चालतो का हा?"

चालत होता. मी घरी लावून बघितला होता. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मी विसरणार नाही. दगड आला असता तर सरळ फसवणूक. कीबोर्ड मागवला आणि कीबोर्ड आला, म्हणजे वरकरणी गिऱ्हाईक आणि दुकानदारातली मालाची कुरकुर. २६,५०० चा कीबोर्ड असतो हे पटवण्यात माझा अर्धा तास गेला, शेवटी चॅट, वजनाची पावती आणि खोका फोडतानाचा व्हिडिओ एकत्र दाखवल्यावर ते म्हणाले, "साहेब, वजन तर पैसे द्यायच्या आधीच लिहून आलंय की." पण तक्रार नीट घेतली. त्या खात्यात २,३०० रुपये अडकवून ठेवल्याचं पुढे कळलं. ते सोडवायला कोर्टाचा आदेश आणा, असं तेव्हा सांगितलं होतं. अजून आणलेला नाही.

मी सगळे फोटो दुसऱ्या एका ग्रुपवर टाकले, सावध करायला. तासाभरात एकाचा मेसेज आला. कोचीचा मुलगा. "हा बोर्ड माझा आहे. आत्ता माझ्यासमोर टेबलावर आहे."

मग उलगडलं. भामट्याकडे बोर्ड कधीच नव्हता. या मुलाने तो विकायला काढला होता, भामटा त्याच्याकडे गिऱ्हाईक म्हणून गेला, माझं नाव सांगून. आणि इकडे त्याचे फोटो लावून माझ्याकडे विक्रेता म्हणून आला. मी विचारलेला प्रत्येक प्रश्न त्याने तिकडे पाठवला, तिथून आलेलं उत्तर जसंच्या तसं इकडे. चिठ्ठी खरी, अक्षर खरं, क्लिप खरी, ग्रीस खरं. मी जितका खोलात जाऊन विचारत गेलो तितकी पक्की उत्तरं येत गेली, कारण ती खऱ्या मालकाची होती. बोर्डाची परीक्षा मी उत्तम घेतली, आणि बोर्ड तिच्यात उत्तम पास झाला. माणसाला एक प्रश्न विचारला नाही.

तो मुलगा म्हणाला, "मला वाटलं, चला, शेवटी जाणकार गिऱ्हाईक मिळालं. शिफ्टचा आवाज कोण विचारतं?" म्हणून त्याने कडेला दाबूनही दाखवलं होतं. शेवटी 'पगार झाला की घेतो' सांगून भामटा गायब झाला. त्याचं नुकसान काही नाही, पण तोही चिडला होता. माझं नाव त्याने स्वतःच्या हाताने लिहून दिलं होतं.

आता मी चिठ्ठीवर विश्वास ठेवत नाही. चालू व्हिडिओ कॉल मागतो, आणि कॉलवर आयत्या वेळी काहीतरी करायला सांगतो: अमुक कळ काढा, उलटी करा, बोर्ड स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. मधला माणूस हे पुढे ढकलू शकत नाही, त्याला वीस मिनिटं मिळत नाहीत. नाव आणि खातं जुळलं नाही तर तिथेच थांबतो, मेव्हणा कितीही सज्जन असो. ज्याला माझी ही चौकशी अपमानाची वाटली असे दोघे निघाले. त्यांचे सौदे सोडले. आणि विक्रेता असाल तर चिठ्ठीवर घेणाऱ्याच्या नावाशेजारी स्वतःचं नाव आणि शहरही लिहा. कोचीच्या मुलाने तेवढं लिहिलं असतं तर माझा कराडकर तिथेच उघडा पडला असता.

गेल्या आठवड्यात एका मित्राने स्क्रीनशॉट पाठवला. वेगळा ग्रुप, वेगळं नाव, तोच बोर्ड, तोच फोटो, फक्त चिठ्ठीचा भाग कापलेला. कोपऱ्यात माझ्या आडनावाचं शेवटचं अक्षर तेवढं राहून गेलंय. किंमत या वेळी २४,०००.