रॉटवायलरसाठी जाळीचं मुसकं: घ्या, पण तक्ता बघून नको

आमची चिंगी रॉटवायलर, वजन ४१ किलो. मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने २३ जातींची आयात, पैदास आणि विक्री बंद करायचं परिपत्रक काढलं, त्यात पिटबुल, केन कोर्सो यांच्याबरोबर रॉटवायलरही होती. एप्रिलमध्ये आधी कर्नाटक आणि मग दिल्ली उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. सोसायटीच्या ग्रुपवर मात्र ते अजून अधूनमधून उगवतं आणि आम्ही लिफ्टमध्ये शिरलो की कुणीतरी बाहेर पडतं. म्हणून हे मुसकं. १,१५० रुपये, रबरासारखं मऊ प्लास्टिक, मानेमागे बक्कल, कपाळावरून एक जादा पट्टी.

मापाचं आधी सांगते. विक्रेत्याच्या तक्त्यात ‘रॉटवायलर मादी’ असं लिहून पुढे नंबर दिलाय. त्या नंबरचं आलं ते डोळ्यांखाली रुतत होतं, बदलून घ्यावं लागलं. (जातीवरून कुत्रं ओळखणं सरकारला जमलं नाही, दुकानदाराला कुठून जमणार!) शिंप्याची टेप घ्या, डोळ्यांच्या बोटभर खाली थोबाडाचा घेर मोजा आणि तिथून नाकाच्या टोकापर्यंतची लांबी.

आत तोंड नीट उघडता आलं पाहिजे, यात तडजोड नको. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, मुख्यतः धापा टाकूनच अंग थंड होतं. तोंड आवळून टाकणारं नायलॉनचं स्वस्त मुसकं डॉक्टरांनी सुई टोचेपर्यंत ठीक, उन्हात फिरायला ते घालणं म्हणजे छळ. या जाळीतून चिंगी पाणीसुद्धा पिते. सवय लावायला आतून चक्का फासायचा आणि सुरुवातीला बक्कल लावायचंच नाही. आता मुसकं दिसलं की स्वतःच नाक खुपसते.

जातिबंदी मला मान्य नाही. पण ‘सगळं संगोपनावर असतं’ हे आमच्या श्वानप्रेमी मंडळींचं पालुपदही अर्धंच खरं. पॉमेरियन चिडला तर ओरखडा, चिंगी चिडली तर टाके. ती कधी कुणाला चावलेली नाही, पण तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी ते माझ्या शब्दावर का मानावं? ब्रिटनमध्ये १९९१ च्या कायद्याने चार जाती अडवल्या, २०२३ अखेर एक्सएल बुली जोडली, आणि सूट मिळालेल्या कुत्र्यांना बाहेर मुसकं नि पट्टा सक्तीचा केला. त्यातली यादी मला नको. मुसक्याची सक्ती चालेल, पण ज्या कुत्र्याने गुण दाखवलेत त्यालाच. लिफ्टमध्ये मात्र मी आपणहून घालते. आजी परवा आमच्याबरोबर खाली आल्या. “भुंकता येतं का गं हिला यात?” येतं, आणि चांगलं खणखणीत.

पाचपैकी साडेतीन तारे. बक्कल पहिल्याच पावसाळ्यात गंजलं, कोपऱ्यावरच्या चांभाराकडून ६० रुपयांत पितळी बसवून घेतलं.