पावसाळा काढलेला कश्काई गब्बे: रंगाला नऊ, मापाला चार

माझा गब्बे, म्हणजे इराणातल्या कश्काई लोकांनी हाताने विणलेला जाड लोकरी गालिचा, धुवायला टाकला आणि बिल आलं 30 चौरस फुटांचं. रुंदी 132 सेंटिमीटर, लांबी 210. पण 132 हे फक्त एका टोकाचं माप, दुसरं टोक 125 भरतं. लांबीत दोन्ही टोकांच्या दशाही (लोंबते मोकळे धागे) धरलेल्या. त्या सोडल्या तर 196. समांतर बाजूंची बेरीज भागिले दोन, गुणिले उंची हे शाळेतलं गणित केलं की होतात 27 चौरस फूट. साठ रुपये दराने 180 रुपयांचा फरक, तो का सोडायचा? काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, सिस्टिम चौकोनच घेते." मालकाला बोलवायला लावलं तेव्हा शंभर कमी झाले. वर त्याने सुचवलं, ओला असतानाच फळीवर खिळे ठोकून ताणतो, चौकोनी करून देतो, त्याचे पैसे वेगळे. नको म्हटलं.

गब्बेची लव जाड असते, गाठी विरळ असतात, हे घेणाऱ्याला माहीतच असतं. तिरकेपणाचं मात्र कोणी आधी सांगत नाही. शिराजच्या वकील बाजारात दुकानदाराने तो दुसऱ्या गालिच्यांच्या थप्पीवर पसरून दाखवला. तिथे सरळ रेघ अशी कुठे नव्हतीच, त्यामुळे कळायला मार्ग नव्हता. (निर्बंधांमुळे इराणात आपली कार्डं चालत नाहीत. रोख मोजून दिली, म्हणजे नंतर तक्रार करायचीही सोय नाही.) पुण्यात आमच्या हॉलमध्ये दोन बाय दोनच्या व्हिट्रिफाइड टाइल्स. त्यांच्या सांध्यांवर तो अंथरला आणि सात सेंटिमीटरचा फरक पहिल्याच दिवशी डोळ्यांत खुपला. कामाच्या मावशी रोज केर काढताना डावी कड टाइलच्या रेघेला लावतात, मग उजवी पळते. मग उजवी लावतात. "ताई, ह्याला शिंप्याकडे द्या," हा त्यांचा सल्ला.

पहिले काही महिने मी त्याला सदोष मालच समजत होते. मग एका रविवारी खाली बसून दोन्ही टोकांच्या दशा मोजल्या. दशा म्हणजे ताण्याचेच, लांबीभर जाणाऱ्या उभ्या धाग्यांचेच, मोकळे सोडलेले शेवट. आकडा दोन्हीकडे सारखा निघाला! म्हणजे विणणारीने वाटेत एकही धागा सोडला नव्हता. रुंदी कमी झाली ती ओढीमुळे. कश्काई हे फार्स प्रांतातले तुर्की बोलणारे भटके पशुपालक. हिवाळ्यात आखाताकडच्या उबदार सखल भागात, उन्हाळ्यात झाग्रोस पर्वतातल्या उंच कुरणांवर. आता बरेच जण गावांत स्थिरावलेत. त्यांचा माग आडवा, जमिनीवर खुंट्या ठोकून ताणलेला. तळ हलवायचा झाला की अर्धवट विणलेला गालिचा दांड्यांसकट गुंडाळायचा आणि नव्या जागी पुन्हा ताणायचा. पुन्हा तोच ताण कसा मिळणार? त्यातून माझ्या गालिच्याचा ताणाही लोकरीचा. शहरी कारखान्यांतल्या गालिच्यांचा ताणा सहसा सुती असतो, तो फारसा ताणला जात नाही, म्हणून ते काटकोनात राहतात. लोकर लवचीक. त्यात गब्बेमध्ये गाठींच्या दोन ओळींमध्ये बाण्याचे, म्हणजे आडव्या धाग्याचे, अनेक फेरे घालतात आणि फणीने ठोकतात. प्रत्येक फेरा जरासा जास्त ओढला गेला की कड आत सरकते.

हे समजल्यावर राग अर्धा उतरला. उरलेला अर्धा दुकानदारावर आहे, विणणारीवर नाही. तिच्यासमोर कागदावर काढलेला नमुनाही नसतो. फार्समध्ये लोकर कातरणं आणि माग मांडणं पुरुषांचं काम. सूत कातणं, रंगसंगती, नक्षी आणि विणणं बायकांचं. मुली आईजवळ बसून शिकतात आणि नक्षी डोक्यातून थेट हातात येते. 2010 साली फार्सचं हे कसब युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेलं, इराणातल्याच काशान शहराचंही त्याच वर्षी. माझ्या गालिच्यात अरुंद टोकाजवळ एक पांढरी शेळी आहे. तिचे पाय रुंद टोकाकडच्या शेळीपेक्षा बारीक दिसतात. गाठी तेवढ्याच, जागा कमी.

रंगाबद्दल मात्र तक्रार नाही. लाल रंग रोनासच्या मुळांचा; आपल्या मंजिष्ठेचीच ती बहीण. धुऊन आल्यावर त्या पांढऱ्या शेळीवर लाल छटासुद्धा उतरलेली नाही. मधे एक पट्टा विटकरी आहे, बाकीचा लाल गडद. हाताने कातलेलं सूत जाडबारीक असतं, रंग कमीजास्त पितं, शिवाय एका घाण्याचा रंग दुसऱ्याला तंतोतंत जुळत नाही. मला तो पट्टाच जास्त आवडतो. यंत्रावरच्या गालिच्यात तो पाहिला असता तर परत केला असता, हेही खरं.

वापराबद्दल. सुरुवातीला लोकर खूप गळते, केरसुणी भरून जाते, मग थांबते. चहा सांडला तेव्हा थेंब वरच तरंगले, कोरड्या फडक्याने टिपले, डाग नाही. पावसाळ्यात मात्र दमट हवेत मेंढीचा वास येतो आणि पाहुणे कुत्रा पाळलाय का विचारतात. सोफ्याखालच्या अंधाऱ्या भागात कसर लागते, म्हणून दर महिन्याला गालिचा फिरवते आणि कडेला वेखंडाची पुरचुंडी ठेवते. फिरवल्यामुळे रुंद टोक कधी खिडकीकडे तर कधी दाराकडे येतं, आणि मावशींचा वैताग नव्याने सुरू होतो.

दुसरा घ्यायचा झाला तर इराणातल्याच हमदान भागातल्या खेड्यांतला बघेन. उभा माग, सुती ताणा, गाठींच्या प्रत्येक ओळीनंतर बाण्याचा एकच फेरा. पातळ असतो आणि मापात बराच नेटका. दोन्ही टोकांना टेप मात्र लावणारच, दुकानदार हसला तरी. आणि कुठलाही घ्या, जेवणाच्या टेबलाखाली घालू नका. खुर्च्या ओढून लव मोडते आणि पोह्यांतली मोहरी एकदा आत गेली की दिवाळीच्या साफसफाईपर्यंत बाहेर येत नाही.